खेटे घालण्याची विद्या

महाराष्ट्रात ऋतू सहा आहेत असे पंचांगकर्ते मानतात आणि तीनच आहेत असे भूगोलाचे पुस्तक सांगते, परंतु ज्या घरात दहावीचे, बारावीचे अथवा त्यापुढील कोणत्याही इयत्तेचे अपत्य नांदत असते, त्या घराला या दोन्ही मतांशी काही कर्तव्य नसते, कारण तेथे वर्षाचे दोनच भाग पडतात: एक, "अजून पुष्कळ वेळ आहे" असे म्हणण्याचा, जो जून महिन्यात सुरू होऊन परीक्षेच्या उंबरठ्यापर्यंत अखंड चालतो, आणि दुसरा, "आता कसं व्हायचं?" असे म्हणण्याचा, जो आदल्या रात्री कळसाला पोहोचून दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेला बरखास्त होतो. या दोन कालखंडांच्या दरम्यान संधिकाल म्हणून काही नसतो.

या आदल्या रात्रीची कुटुंबातील प्रतिष्ठा पाहण्यासारखी असते. ज्या चिरंजीवांना एरवी पाण्याचा पेला स्वतः भरून घ्यावा लागतो, त्यांच्या दिमतीला त्या रात्री चहाचा थर्मास तैनात होतो, तीर्थरूप दूरदर्शनसंचाचा आवाज बंद करून देशाची परिस्थिती केवळ निवेदकाच्या ओठांच्या हालचालींवरून जाणून घेतात, आजी देवापुढचा अंगारा आणून तो विद्यार्थ्याला आणि पुस्तकाला समसमान लावते, आणि मातोश्री, अभ्यास ही डोळ्यांनी नव्हे तर कानांनी तपासण्याची वस्तू आहे या परंपरागत श्रद्धेला अनुसरून, दर अर्ध्या तासाने स्वयंपाकघरातून विचारतात, "अरे, आवाज नाही येत तुझा, वाचतोयस ना?" त्याबरोबर आतून मोगल सत्तेच्या ऱ्हासाची कारणे एकदम वरच्या पट्टीत सुरू होतात आणि घर निर्धास्त होते. मध्यरात्रीच्या सुमारास मित्राचा फोन येतो. "तुझं किती झालं?" "छे रे, काहीच नाही. तुझं?" "माझंही काहीच नाही." या संभाषणातील दोन्ही विधाने विनयापोटी केलेली असतात असा सार्वत्रिक समज आहे, उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांचा अनुभव मात्र असा की, ती बहुधा अक्षरशः खरी असतात.

यावरून आमच्या विद्यार्थ्यांत नियोजनाचा अभाव आहे असा निष्कर्ष जर कोणी काढील, तर तो त्यांच्यावर घोर अन्याय होईल. नियोजन विपुल असते. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात भिंतीवर जे वेळापत्रक झळकते, त्यात पहाटे पाच ते रात्री दहापर्यंतच्या प्रत्येक अर्ध्या तासाची चार रंगांच्या शाईने अशी चोख जमाबंदी केलेली असते की, नाना फडणविसांनीही तिच्यावर डोळे झाकून शिक्का उठवावा. त्याची अंमलबजावणी सोमवारपासून व्हायची असते. आणि अर्धा सोमवार काही कारणाने वाया गेल्यास, खंडित आठवडा मुळारंभालाच अशुभ म्हणून, पुढच्या सोमवारापासून. गणपती येतात, नवरात्र येते, दिवाळी येते, दर खेपेस सुधारित वेळापत्रक जारी होते, आणि शेवटी फेब्रुवारीत, सर्व विषय आणि सर्व रंग एकाच रकान्यात कोंबावे लागल्यामुळे, ते वेळापत्रक पाहणाऱ्याला केवळ काळे दिसते.

हा सर्व खटाटोप व्यर्थ आहे, तोच अभ्यास तितक्याच किंवा त्याहून थोड्या वेळात, पण मध्ये दिवस सोडून केला तर पुष्कळ अधिक काळ टिकतो, हे मानसशास्त्र गेली सुमारे १४० वर्षे सांगत आले आहे. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या एका जर्मन विद्वानाने या सिद्धांताची पायाभरणी केली. स्मृती मोजायची तर पाठ करण्याच्या मजकुराला अर्थ असता कामा नये, अर्थ आला की तो लबाडीने मदत करतो, या विचाराने त्याने सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट बनवले आणि घड्याळाच्या टिकटिकीच्या ठेक्यावर त्यांच्या माळा तो स्वतःच वर्षानुवर्षे पाठ करीत बसला. अर्थ न कळता पाठ करण्याचा प्रयोग आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर आणि सरकारी खर्चाने चालू असतो, ही वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचती, तर त्या सज्जनाचे पुष्कळ श्रम वाचले असते. परीक्षक तोच, परीक्षार्थी तोच, आणि तरीही पेपर फुटला नाही किंवा फेरतपासणीसाठी अर्ज आला नाही, यावरून त्या माणसाच्या सचोटीची कल्पना यावी.

१८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात दोन गोष्टी अशा आहेत की, त्या प्रत्येक थर्मासवर कोरून ठेवाव्यात. पहिली विस्मरणाच्या वेगाची. पाठ केलेल्या मजकुरासाठी जे कष्ट पडले होते, त्यांतील निम्म्याहून अधिक तासाभरात वाया गेलेले असतात आणि एका दिवसानंतर सुमारे एकतृतीयांशच शिल्लक उरतात. मात्र त्यापुढे ही गळती आपोआप मंदावते आणि महिन्यानंतरही पाचवा हिस्सा तग धरून राहतो. म्हणजे विसरण्याचे काम मनुष्य सर्वांत तडफेने पहिल्या काही तासांत उरकून घेतो. त्याच्या हातून आदल्या दिवशी होणारे हे एकमेव काम असावे. दुसरी गोष्ट त्याहून मार्मिक. बारा अक्षरगटांची एक माळ त्याने एका दिवशी लागोपाठ ६८ वेळा घोकली, तरी दुसऱ्या दिवशी ती बिनचूक म्हणण्यासाठी तिच्या आणखी ७ आवृत्त्या कराव्या लागल्या. आणि नेमके तेवढेच फळ, तीन दिवसांत वाटून केलेल्या अवघ्या ३८ आवृत्त्यांनी त्याच्या पदरात पडले. काहीही न करता, केवळ मध्ये दोन रात्री झोप काढून, ३० आवृत्त्यांची बचत करणारा हा हिशेब आळशी माणसाच्या सोडून दुसऱ्या कोणाच्या हिताचा असेल असे वाटत नाही. आणि तरीही आळशी माणसेच त्याकडे पाठ फिरवतात, हे मानवजातीचे एक गूढ आहे.

याची कारणे मानसशास्त्रज्ञ एकाहून अधिक सांगतात. परंतु ज्याने आयुष्यात एकदा तरी सातबाराच्या उताऱ्यासाठी अथवा वारसाच्या नोंदीसाठी सरकारी कचेरीची पायरी चढली आहे, त्याला ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. स्मृती ही जुन्या वळणाची एक कचेरी असून तिचा शिरस्तेदार कोणत्याही कागदाची किंमत त्यातील मजकुरावरून नव्हे, तर त्यासाठी कोणी किती वेळा येऊन गेले यावरून ठरवतो. एखादा उतावळा अर्जदार एकाच रात्री येऊन एकाच अर्जाच्या साठ प्रती त्याच्या मेजावर आदळू लागला, तर शिरस्तेदार दुसऱ्या प्रतीपासून मान वर करीत नाही. कागद समोरच पडलेला असतो, शोधायचे काही नसते, "कळलं हो, कळलं," एवढे तो म्हणतो आणि साऱ्या प्रती एका फडक्यात बांधून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी विचारलेच तर तो बस्ता अजून मेजाच्या कोपऱ्यावर असतो, आणि म्हणूनच पेपर कसाबसा निभतो. संध्याकाळी दप्तरखान्यात गेला की, त्यावर ना जावक क्रमांक, ना तारीख, त्यामुळे तो पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. याउलट जो शहाणा मनुष्य सोमवारी येऊन जातो, गुरुवारी पुन्हा दारात उभा राहतो आणि पंधरवड्याने तिसऱ्यांदा नमस्कार करतो, त्याच्यासाठी शिरस्तेदाराला दर खेपेस उठावे लागते, कपाट उघडावे लागते, धूळ झटकावी लागते, "कुठं बरं ठेवला होता?" म्हणून कपाळावर आठ्या घालाव्या लागतात, आणि या त्रासाला कंटाळूनच अखेर तो कागद हाताला येईल अशा जागी कायमचा ठेवून देतो. शोधण्याचे हे कष्ट हेच पाठांतराचे खरे कारखाने. अर्धवट विसरलेली गोष्ट प्रयासाने आठवावी, तेव्हा ती पक्की होते. समोर असलेली गोष्ट पुन्हा वाचण्यात मनाला उठावेच लागत नाही. खेटे घातल्याशिवाय काम होत नाही हा जो अनुभव आपण गेली कित्येक शतके शासनाबद्दल सांगत आलो, तो आपल्याच मस्तकातील कारभाराबद्दल अधिक खरा आहे.

मग एवढी सोपी आणि स्वस्त युक्ती लोक का वापरीत नाहीत? मानवी स्वभावाची खरी गंमत या प्रश्नाच्या उत्तरात आहे, आणि ती उघडकीला आणण्याचा मान इंग्लंडच्या टपालखात्याला जातो. पत्रांची वर्गवारी यंत्राने करण्यासाठी तेथील टपालकर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवणे प्राप्त झाले, तेव्हा बॅडली आणि लाँगमन या दोन अभ्यासकांनी त्यांच्या तुकड्या पाडल्या. एका तुकडीला रोज एकच तास शिकवणी, तर दुसऱ्या टोकाच्या तुकडीला दोन-दोन तासांच्या दोन बैठका, म्हणजे रोज चार तास. १९७८ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा की, जी पातळी गाठायला रोज एक तासवाल्यांना सुमारे ५५ तास पुरले, तीच गाठण्यासाठी चार तासवाल्यांना सुमारे ८० तास खर्ची घालावे लागले. येथवर सर्व यथास्थित होते. परंतु शिक्षणक्रमाबद्दल कोण कितपत खूश आहे याची विचारपूस झाली, तेव्हा सर्वांत नाराज निघाली ती रोज एक तासवाली मंडळी! कारण उघड होते: दिवस मोजले तर आपले सोबती पुढे निघून गेलेले त्यांना दिसत होते, तास कोण मोजतो? अमेरिकेत नेट कॉर्नेल या मानसशास्त्रज्ञाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर यावर कडी झाली. शब्दार्थांच्या चिठ्ठ्या अंतराअंतराने पाहण्याचा लाभ शंभरांत नव्वद जणांना झाला, आणि तरीसुद्धा पहिल्या बैठकीनंतर विचारले असता शंभरांत बहात्तर जणांनी, लागोपाठ घोकण्यानेच आपले अधिक पाठ झाले, असे छातीठोक सांगितले.

तात्पर्य, घोकंपट्टीचे खरे सामर्थ्य तिच्या समाधानात आहे. रात्री तीन वाजता सतराव्यांदा तेच पान वाचणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, पुढचा शब्द डोळ्यांच्या आधी ओठांवर येतो, आणि "आलं, आलं, सगळं येतंय!" अशा धन्यतेने तो पुस्तक मिटतो, उलट चार दिवसांनी तेच पान उघडणाऱ्याला पहिल्या ओळीलाच घाम फुटतो, निम्मे विसरल्याचे कळते, आपली बुद्धी मंद असल्याची शंका येते, आणि बिचाऱ्याला हे कोणी सांगत नाही की, त्याला वाटणारी ही खंत हाच विद्या रुजत असल्याचा पुरावा आहे. ज्ञान आणि सुख यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी आली असता मनुष्याने काय निवडावे याविषयी तत्त्वज्ञांत मतभेद असतील. मनुष्य काय निवडतो याविषयी मात्र कधीच मतभेद नव्हता.

आपल्या पूर्वजांनी ही निवडच हाती ठेवली नव्हती. दिवेलागणीला देवापुढे बसून शुभंकरोतीपाठोपाठ पाढे म्हणण्याचा परवचा नावाचा जो प्रघात मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालला, त्यात मुलाच्या समाधानाचा विचार कोणी केल्याचा दाखला नाही. बे एके बे पासून तिसापर्यंत आणि मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी ती अपूर्णांकांची पलटण रोज थोडी, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडी, आजोबांच्या डोळ्यांदेखत जिभेवरून संचलन करीत जाई. चुकल्यास मागे फिरून पहिल्यापासून. एबिंगहाउसचे नाव त्या आजोबांनी ऐकले नव्हते. पण औटकीत वाढलेला वाणी साडेतीन रुपये भावाने सतरा शेरांचा हिशेब सांगून मोकळा होई, आणि त्याच्या नातवाला आज तोच हिशेब करण्यासाठी प्रथम मोबाइल कोठे ठेवला ते आठवावे लागते.

शास्त्रकारांनी तर मध्येच थांबण्याचीही चोख तजवीज करून ठेवली होती. वेदाध्ययनाला वर्ज्य दिवस कोणते, म्हणजे अनध्याय कोणते, याची चर्चा धर्मशास्त्रात आहेच. पण याज्ञवल्क्यस्मृती त्यावर न थांबता तात्कालिक अनध्यायांची जी यादी देते, तिची संख्या भरते ३७. कुत्रा, कोल्हा, गाढव किंवा घुबड ओरडत असता अध्ययन करू नये. धुके पडले असता, धुळीचा वर्षाव होत असता, फार वारा सुटला असता करू नये. घोड्यावर, उंटावर, हत्तीवर, नावेत किंवा झाडावर बसून करू नये. जेवल्यावर हात ओले असता करू नये. धावत असता करू नये. घरी कोणी शिष्ट मनुष्य आला असता करू नये. प्रस्तुत लेखकाला या यादीतील एका कलमाचे विशेष कौतुक वाटते: अर्धरात्री अध्ययन करू नये. थर्मासचा शोध लागण्यापूर्वी काही शतके त्याच्यावर घातलेली ही बंदी पाहून ऋषींच्या दूरदृष्टीपुढे मस्तक नम्र होते. या नियमांचा हेतू स्मरणशक्तीची जोपासना हा होता, असा दावा मी करीत नाही. त्यांचा हेतू पावित्र्याचा होता. परंतु ज्या गावात कुत्री, गाढवे, वारा आणि पाहुणे यांची समृद्धी असेल, त्या गावच्या बटूला अंतराअंतराने अभ्यास करण्यावाचून गत्यंतरच उरत नसेल, एवढे मान्य करण्यास हरकत नसावी.

ही सर्व माहिती मी एकदा हितबुद्धीने आमच्या शेजारच्या चिरंजीवांच्या कानांवर घातली, आणि एखाद्या सिद्धांताचा इतक्या तत्परतेने स्वीकार झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता. "म्हणजे काका, मध्ये गॅप पाहिजे!" तो उद्‌गारला, आणि त्याच दिवसापासून त्याने अंतर ठेवण्यास प्रारंभ केला. आठवड्याने त्याच्या वडिलांनी पुस्तकांवरील धुळीविषयी कैफियत मागितली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बाबा, सध्या अंतर चालू आहे." अंतराला अंतर म्हणवून घेण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंना अभ्यास असावा लागतो, ही या सिद्धांतातील अट त्याच्या ध्यानात आणून देण्याचा मी प्रयत्न केला, पण तेवढ्यात गल्लीत एक कुत्रे भुंकले, आणि याज्ञवल्क्यांची यादीही मीच त्याला ऐकवलेली असल्यामुळे मला गप्प बसावे लागले.

अंतर ठेवणे आणि तरीही परत येणे हे केवढ्या चिकाटीचे काम आहे, हे पाहायचे तर अमेरिकेतील हॅरी बाहरिक या मानसशास्त्रज्ञाच्या कुटुंबाकडे पाहावे. हे गृहस्थ, त्यांची पत्नी आणि दोन कन्या अशा चौघांनी परकीय भाषांतील शब्द काही १४ दिवसांच्या, काही २८ दिवसांच्या आणि काही ५६ दिवसांच्या अंतराने पाठ केले, आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांतील किती उरले ते तपासले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधावर चार लेखकांची नावे असून चौघांचे आडनाव एकच आहे. ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ बैठकांनी, १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ बैठकांच्या तोडीचे फळ दिले, असा त्यांचा निष्कर्ष. मला त्या निष्कर्षाहून त्या घराचेच आश्चर्य अधिक वाटते. छप्पन्न दिवसांनी वडिलांनी "चला, बसा" म्हणावे आणि मुलींनी बसावे, असा प्रकार आपल्याकडे एखाद्या कुटुंबात इतकी वर्षे चालला असता, तर त्या घरातून मानसशास्त्रावरचा निबंध निघण्याऐवजी वाटणीचा दावा निघाला असता.

तथापि विद्यार्थ्याची बाजूही एकदा निःपक्षपातीपणे मांडली पाहिजे, कारण शास्त्रच आता त्याच्या मदतीला धावून आले आहे. सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिले की, दोन अभ्यासांमधील योग्य अंतर, ती गोष्ट आपल्याला किती काळ लक्षात ठेवायची आहे, यावर अवलंबून असते: आठवडाभर ठेवायची तर सुमारे एका दिवसाचे अंतर पुरे, वर्षभर ठेवायची तर सुमारे तीन आठवड्यांचे हवे. आता आमच्या विद्यार्थ्याला मोगल सत्तेच्या ऱ्हासाची कारणे किती काळ लक्षात ठेवायची असतात? उद्या दुपारी दोनपर्यंत. दोन वाजून एक मिनिटाने ती सत्ता पुनश्च उभी राहिली तरी त्याची हरकत नसते. या हिशेबाने पाहता त्याने ठेवलेले अंतर, म्हणजे शून्य, अगदी रास्त ठरते. दोष असेल तर परीक्षेचा आहे, कारण ती ज्या दिवशी विचारते त्याच दिवसापुरते विचारते, आणि पुन्हा कधीही, वर्षाने, दोन वर्षांनी, अचानक दारात उभी राहून "काय हो, ती कारणे कोणती?" असा तगादा लावीत नाही. आपण कचेरीत जसे खेटे घालतो, तसे परीक्षेने विद्यार्थ्याकडे घातले पाहिजेत; मग वेळापत्रकाला रंग देण्याची गरज उरणार नाही.

तोपर्यंत निदान एक लहानशी सुधारणा तातडीने अमलात यावी, अशी माझी विद्यापीठांच्या अधिकारिमंडळांना नम्र विनंती आहे. पदवीच्या सनदेवर नाव असते, श्रेणी असते, वर्ष असते, कुलगुरूंची सही असते. परंतु सदरहू ज्ञान किती रात्रींत संपादन केले, याचा रकाना कोठेही आढळत नाही. इतिहासाच्या पदवीधराच्या बाबतीत या रकान्यावाचून एखादवेळ अडणार नाही; मोगल पुन्हा काही यायचे नाहीत. पण सगळ्याच विद्या इतक्या निरुपद्रवी नसतात, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवे पडल्यानंतर भूल देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारण्याची मुभा रुग्णाला कायद्याने मिळाली, तर मी काही फी विचारणार नाही. "डॉक्टरसाहेब," मी म्हणेन, "शरीररचना आपण कोणकोणत्या महिन्यांत वाचली होती?" आणि त्यांनी महिने न सांगता तारीख सांगितली, तर टेबलावरून उतरून चपला शोधू लागेन.